कराटे क्लासच्या करारात खाडा कुठे लिहिलाय?

जून महिन्यात मुलीला कराटेला घालायचं म्हणून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म म्हणून जो कागद पुढे सरकवला, तो चार पानांचा होता, बारीक टाइपातला होता, सगळा इंग्रजीत होता आणि त्याच्या डोक्यावर ‘मेंबरशिप अ‍ॅग्रीमेंट’ असं छापलं होतं. मी वाचायला लागलो तशी ती म्हणाली, “एवढं काय वाचताय सर, सगळेच पालक सही करत्यात की.” मागे चार जण उभे होते. मी सही केली.

रात्री जेवणं झाल्यावर कागद परत काढला. अकराव्या कलमात लिहिलं होतं की, सभासद सध्याच्या पत्त्यापासून 25 मैलांपेक्षा लांब राहायला गेला तरच करार मुदतीआधी संपवता येईल. कोल्हापुरात मैलांत अंतर कोण मोजतं? 25 मैल म्हणजे साधारण 40 किलोमीटर, म्हणजे कर्नाटकात निपाणीच्या आसपास जाऊन राहिलो तरच माझी सुटका. हे कलम इथल्या माणसाने इथल्या माणसासाठी लिहिलेलं नाही, एवढं तेव्हाच कळलं. पुढचं कळायला तीन महिने आणि बरीच धावपळ लागली.

कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग, एमएमए (मिश्र मार्शल आर्ट) असे क्लास आता ताराबाई पार्कापासून फुलेवाडीपर्यंत निघालेत आणि त्यातल्या काही ठिकाणी असे वर्षाचे करार सर्रास होतात. पालक सही करतात आणि वाद झाला की “आता काय, सही केलीय” म्हणून पैसे भरत राहतात. म्हणून हे सगळं मुळापासून, जमेल तेवढ्या साध्या भाषेत लिहितो आहे.

करार म्हणजे काय: रतीब, मेस आणि भिशी

आपल्याकडे या सगळ्याचा पाया आहे तो भारतीय करार कायदा, 1872. त्याचं सार असं: दोन सज्ञान माणसं मनापासून, फसवणूक किंवा जबरदस्ती न होता, कायदेशीर गोष्टीसाठी काहीतरी देण्याघेण्याचं ठरवतात आणि ते कायद्याने बांधील असतं, तो करार. त्याला स्टॅम्प पेपर लागतोच असं नाही. साध्या कागदावरचा, मोबाइलवर ‘मान्य आहे’ दाबून केलेला, नुसता तोंडी ठरलेलासुद्धा करार असू शकतो. त्यामुळे “स्टॅम्पवर नाही, म्हणजे तो कागद फुकटचा” हा समज आधी काढून टाकावा.

आपण रोज असे करार करतो, फक्त त्यांना करार म्हणत नाही. दुधाचा रतीब घ्या. गवळ्याला सांगितलं की उद्यापासून नको, की संपलं. गावाला गेलो तर तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होतात. मेसचं तसंच. महिन्याचे पैसे भरलेले असतात, पण आधी कळवून सुट्टी घेतली तर मेसवाले काकू वहीत खाडा मांडतात आणि हिशेबात तो धरतात. आता भिशी घ्या. तिथे मध्येच “मी निघतो” म्हणता येत नाही, कारण तुमच्या हप्त्यावर बाकीच्यांचे पैसे अवलंबून असतात. आणि एसटीचा मासिक पास? प्रवास करा किंवा घरी बसा, पैसे गेले ते गेले.

क्लासच्या करारात हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे: तो रतीबासारखा आहे, मेससारखा आहे, भिशीसारखा आहे की पाससारखा? कागद हातात आला की पहिल्या पानावरचा लोगो आणि सूट बघू नका. आधी खाडा कुठे लिहिलाय ते शोधा. आजारपण, परीक्षा, बदली, मुलाचं मन उडणं, यातल्या कशाला खाडा धरतात आणि कशाला धरत नाहीत, यावर तुमचे निम्म्याहून जास्त वाद ठरणार असतात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. 18 वर्षांखालच्या मुलाने केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्दबातल असतो. 1903 साली मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ते पक्कं केलं आणि आजही तेच चालतं. म्हणूनच क्लासवाले मुलाची सही घेत नाहीत, तुमची घेतात. शिकणार मुलगी, बांधील बाप.

“तालमीत कुठे होता कागद?”

माझ्या वडिलांनी पहिला प्रश्न हाच विचारला. आमच्या आजोबांनी तालमीत प्रवेश घेतला तो मारुतीला नारळ वाढवून आणि वस्तादांच्या पाया पडून. कुणी काही लिहून घेतलं नाही. वस्तादाने सांगितलं पहाटे चारला ये, की चारला जायचं. ज्या गावात 1912 साली खासबागेचं मैदान पूर्ण झालं, ज्या गावात मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही तालमींची नावं पत्त्यासारखी सांगितली जातात, तिथे गुरूसमोर कागद ही गोष्ट खटकणारच.

पण त्या व्यवस्थेचा खर्च कोण भरत होतं, हेही बघायला हवं. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. पैलवानांच्या खुराकापासून मैदानापर्यंत संस्थान पाठीशी होतं. नंतरही पेठेने, मंडळाने, गावाने तालमी सांभाळल्या. आज दुसऱ्या मजल्यावर हॉल भाड्याने घेऊन, मॅट टाकून मुलांना शिकवणाऱ्या माणसामागे संस्थान नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला घरमालक मात्र आहे.

आणि लढण्याच्या कलेत लिखापढी अगदीच नवी आहे असंही नाही. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी 1882 साली तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. तिथल्या सुरुवातीच्या वर्षांत आत येणाऱ्या विद्यार्थ्याला नोंदवहीत नाव लिहून पाच कलमांची शपथ घ्यावी लागे. योग्य कारणाशिवाय शिक्षण सोडणार नाही, दोजोच्या नावाला बट्टा लागेल असं काही करणार नाही, परवानगीशिवाय इथलं ज्ञान इतरांना सांगणार नाही, परवानगीशिवाय शिकवणार नाही, आणि नियम पाळीन. दोजो म्हणजे सरावाची जागा, आपली तालीमच.

पहिलं कलम परत वाचा: ‘योग्य कारणाशिवाय’. म्हणजे त्या शपथेतसुद्धा बाहेर पडायला दार होतं! माझ्या हातातल्या चार पानांत ते दार निपाणीला होतं.

शिष्याने गुरूला दिलेला शब्द ही एक गोष्ट, आणि पालकाने क्लासला द्यायचे पैसे ही दुसरी. पहिला शब्द कागदावर मावत नाही, आणि दुसरा व्यवहार भावनेवर सोडला तर शेवटी दोघंही दुखावतात. मुलीने सरांना वाकून नमस्कार करावाच. बापाने पावती मागावीच.

हे 25 मैल आले कुठून

अमेरिकेतून. तिथल्या मार्शल आर्ट शाळांमध्ये वर्षाचा, दोन-तीन वर्षांचा सभासद करार ही बरीच जुनी पद्धत आहे. हप्ते वसूल करायला वेगळ्या कंपन्या असतात. सर शिकवतात, कंपनी पैसे गोळा करते. यातून तक्रारी इतक्या वाढल्या की अनेक राज्यांनी जिम आणि तत्सम क्लाससाठी खास कायदे केले. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात तर मार्शल आर्ट आणि स्वसंरक्षण शिकवणाऱ्या शाळांचं नाव घेऊन त्यांना ‘हेल्थ क्लब’मध्ये धरलं आहे. सही केल्यावर तीन दिवसांत करार रद्द करता येतो, आणि ग्राहक 25 मैलांपलीकडे राहायला गेला तरी करार सोडता येतो.

म्हणजे मूळचं कलम ग्राहकाच्या बाजूचं होतं. बाहेर पडायच्या अनेक दारांपैकी ते एक दार. कुणीतरी तिकडचा नमुना उतरवून घेतला, त्यातली तीन दिवसांची सवलत गाळली, आजारपणाची सवलत गाळली आणि मैल तेवढे राहिले. उतरवून घेतलेल्या करारांचं हेच होतं. तिकडच्या कायद्याने ग्राहकाला दिलेलं संरक्षण सीमेवरच राहतं, आणि बांधून ठेवणारी वाक्यं इकडे येतात.

वर्षभराचा करार माणूस इतक्या सहज का करतो, यावर तिकडे अभ्यासही झाला आहे. दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या तीन जिमच्या 7,752 सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि 2006 साली निष्कर्ष छापले. महिन्याला 70 डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी 4.3 वेळाच येत होते. एका खेपेला त्यांना 17 डॉलरहून जास्त पडत होते, आणि तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप 10 डॉलरला पडली असती. सही करताना आपण स्वतःला जितकं उत्साही समजतो, तितके पुढे राहत नाही. 2011 साली ब्रिटनच्या हायकोर्टानेही जिमच्या लांब मुदतीच्या करारांबद्दलच्या एका खटल्यात हीच गोष्ट लक्षात घेऊन त्यातल्या अनेक अटी अन्यायकारक ठरवल्या.

लहान मुलांच्या बाबतीत हे दुप्पट लागू होतं, कारण अंदाज बांधणारे आपण आणि जाणारं मूल. नऊ वर्षांच्या मुलीला मार्चमध्येही कराटे आवडेल का, हे जूनमध्ये तिलाही माहीत नसतं.

“सही केली ना, मग आता सगळे पैसे भरा”

सप्टेंबरच्या सुरुवातीला मुलगी सायकलवरून पडली आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतरही काही महिने जपायला सांगितलं. मी क्लासला कळवलं. उत्तर आलं: कलम 9 प्रमाणे राहिलेल्या सर्व महिन्यांची फी भरावी लागेल.

हिशेब असा होता. वर्षाची फी 14,400 रुपये, महिन्याला 1,200 प्रमाणे खात्यातून जाणारी. वर्षाचा करार न करता महिन्या-महिन्याने आलं तर दर 1,500. आम्ही जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने गेलो, 3,600 भरले. राहिले नऊ महिने, म्हणजे 10,800 रुपये. मुलगी मॅटवर पाय ठेवणार नाही, तरी ते भरायचे.

इथे करार कायद्याचं कलम 74 कामाला येतं, आणि या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. करार मोडला तर अमुक रक्कम द्यायची, असं कागदावर लिहिलेलं असलं, तरी ती पूर्ण रक्कम आपोआप मिळत नाही. समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने 1963 च्या फतेहचंद खटल्यापासून 2015 च्या कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यापर्यंत हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. नुकसानच झालं नसेल तर भरपाई कसली, हा त्याचा गाभा.

मंगल कार्यालयाचं उदाहरण घेऊ. तुम्ही मे महिन्यातली तिथी धरून हॉल बुक केला आणि सहा महिने आधी रद्द केला. त्या तिथीला दुसरं लग्न लागलं. मालकाचं नुकसान झालं ते फार तर कागदपत्रांच्या खर्चाचं. पण आदल्या दिवशी रद्द केलात तर हॉल रिकामा राहणार, मांडववाला आणि आचारी येऊन बसलेले असणार. नुकसान खरं आहे, भरून द्यायला हवं. आता क्लासकडे बघा. 25 मुलांच्या बॅचमधून एक मुलगी गेली. हॉलचं भाडं तेवढंच, सरांचा वेळ तेवढाच, आणि त्या जागी नवीन मूल पुढच्या महिन्यात येऊ शकतं. मग नऊ महिन्यांची पूर्ण फी हे नुकसान कसं?

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. मला महिन्याला 300 रुपयांची सूट मिळाली होती ती वर्षभर येईन या भरवशावर. मी तीन महिन्यांत निघालो, तर ती सूट माझी राहत नाही. वाजवी हिशेब असा होतो: तीन महिने गुणिले 1,500, म्हणजे 4,500. त्यातले 3,600 दिले. म्हणजे मी क्लासचा 900 रुपये देणेकरी. हे कागदावर मांडल्यावर मला स्वतःलाच बरं वाटलं, कारण तोपर्यंत मी “एक रुपया देणार नाही” म्हणून घरात भांडत होतो, आणि ते चूक होतं.

वर्षाची फी एकदम भरलेली असेल तर हाच हिशेब उलटा करायचा. वापरलेले महिने मासिक दराने मोजा, भरलेल्या रकमेतून वजा करा, उरलेली रक्कम परत मागा. गणवेश, ग्लोव्हज, आधीच झालेली नोंदणी यांचे पैसे त्यातून जाणं रास्त आहे.

मग आपल्याकडे तीन दिवसांची सवलत नाही का?

नाही. प्रत्यक्ष जाऊन सही केलेल्या क्लासच्या करारातून, मन बदललं म्हणून अमुक दिवसांत बाहेर पडता येईल, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. अनेकांना वाटतं की कोचिंग क्लासचा नियम लागू होईल. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी, असं त्यात आहे. पण त्याच तत्त्वांतून खेळ, नृत्य, नाट्य आणि इतर कलांचे क्लास स्पष्टपणे वगळले आहेत. म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या क्लासच्या पालकाला जो आधार आहे, तो कराटेच्या पालकाला नाही. मला हे वगळणं पटत नाही. फी तशीच आगाऊ जाते, मूल तसंच मध्ये सोडतं.

आपल्याला उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019. खासगी क्लास पैसे घेऊन सेवा देतो, त्यामुळे पालक ग्राहक ठरतो. या कायद्याने ‘अन्यायकारक करार’ ही संकल्पना आणली. झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड, एकाच बाजूला विनाकारण करार मोडायची मुभा, भरमसाट अनामत, ग्राहकाला अडचणीत टाकणारी अवाजवी अट, हे त्यात बसतं. ‘आम्ही केव्हाही वेळ, जागा, शिक्षक बदलू, तुम्ही मात्र काहीही झालं तरी फी भराल’ असं कलम डोळ्यांसमोर आणा.

एक अपवाद सांगायला हवा. शाळेने स्वतःच आपल्या आवारात, शाळेचाच उपक्रम म्हणून कराटे ठेवलं असेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ता अवघड होतो. 2020 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने शिक्षणसंस्था आणि त्यांचे पोहणे, खेळ यांसारखे उपक्रम या कायद्याबाहेर ठेवले, कोचिंग क्लास मात्र आत ठेवले.

खात्यातून आपोआप जाणारे पैसे

बऱ्याच ठिकाणी प्रवेशाच्या वेळीच फोनवर ऑटो-डेबिट मंजूर करून घेतात. ऑटो-डेबिट म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम खात्यातून काढायची आगाऊ दिलेली परवानगी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्ड किंवा यूपीआयवरच्या अशा वजावटीआधी 24 तास तुम्हाला सूचना यायला हवी, आणि ही परवानगी तुम्ही केव्हाही रद्द करू शकता. 15,000 रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून त्या सूचनेकडे लक्ष नसेल तर पैसे गेलेले कळतही नाहीत. पण ऑटो-डेबिट बंद केलं म्हणजे करार संपला असं नसतं. नळ बंद केला, मीटर चालूच. करार संपवतोय हे वेगळं, लेखी कळवा.

पुढच्या तारखांचे बारा चेक देऊ नका. चेक वटला नाही तर प्रकरण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी होऊ शकतं, आणि मग फीचा वाद बाजूला राहून तुम्ही आरोपीच्या जागी उभे राहता. याहून सावध राहायचं ते ‘बिनव्याजी हप्त्यां’पासून. तिथे वर्षाची फी क्लासला एकदम मिळते ती एखाद्या वित्त कंपनीकडून, आणि तुमच्या नावावर चक्क कर्ज चढतं. क्लास सुटला, बंद पडला, तरी कर्जाचा हप्ता सुटत नाही. सही करताना एकच विचारा: माझे पैसे क्लासच्या खात्यात जाणार की दुसऱ्या कुणाच्या?

“मार लागला तर आम्ही जबाबदार नाही”

हे वाक्य प्रत्येक करारात असतं. त्यात अर्धं सत्य आहे. पैलवानाचा कान मोडतो, तो वस्तादाचा दोष नसतो. तो या विद्येचाच भाग आहे, आणि आखाड्यात उतरताना आपण तो मान्य केलेला असतो. पण हौदातली माती उकरून मऊच केली नाही, त्यात खडे तसेच ठेवले, आणि पोराचं डोकं फुटलं, तर ते कुणाच्या माथी? कराटेत हात-पाय मुरगळणं, ओठ फुटणं हे पहिल्या प्रकारातलं. फाटकी मॅट, देखरेखीशिवाय लावलेली फाइट, दहा वर्षांच्या मुलासमोर पंधरा वर्षांचा मुलगा, डोक्याला मार लागल्यावर “काही नाही होत, उठ” म्हणणं, हे दुसऱ्या प्रकारातलं. ग्राहक कायद्यात सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणा येतो, आणि छापील वाक्याने तो धुतला जात नाही.

याच पानावर कधीकधी मुलांचे फोटो-व्हिडिओ जाहिरातीत वापरायची परवानगी घुसवलेली असते. ती नको असेल तर त्या ओळीवर काट मारून सही करा. आणि पालकांना सराव बघायला कधीच बसता येणार नाही असं कलम असेल, तर मी तरी तिथे मूल पाठवणार नाही, फी कितीही कमी असो.

पट्ट्याचे पैसे

महिन्याची फी आणि बेल्टची परीक्षा फी वेगळी असते, हे बहुतेकांना तिसऱ्या महिन्यात कळतं. पट्ट्यांची ही पायरी फार प्राचीन नाही. कानोंनी पहिली डॅन पदवी (ब्लॅक बेल्टची पायरी) 1883 साली दिली, कराटेत गिचिन फुनाकोशींनी 1924 साली. रंगीत पट्ट्यांचा पसारा त्यानंतरचा, युरोपात वाढलेला. मुलांना पायरी दिसली की हुरूप येतो, त्यात वाईट काही नाही. फक्त ब्लॅक बेल्टपर्यंत एकूण किती परीक्षा, प्रत्येकीची फी किती, आणि प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचं, हे आधीच लिहून घ्या. ‘ब्लॅक बेल्टची हमी’ देणारा करार तर ठेवूनच द्यावा. हमी दिलेल्या पट्ट्याला वजन कसलं?

कुणी सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाचं नाव घेऊन वर्षाची फी मागत असेल तर नीट ऐका. तो लाभ मान्यताप्राप्त संघटनेच्या, ठरावीक पातळीच्या स्पर्धेतल्या यशाला मिळतो. क्लासच्या बेल्टला मिळत नाही.

मोठ्या विद्यार्थ्यांच्या गळ्यातला दोर

सीनिअर मुलं सरांना मदत म्हणून लहानांना शिकवायला लागतात, तेव्हा एक नवा कागद येतो: क्लास सोडल्यावर पाच वर्षं, दहा किलोमीटरच्या आत स्वतःचा क्लास काढणार नाही. कानोंच्या शपथेतलं चौथं कलम इथे वकिली पोशाखात परत येतं. गुरूच्या परवानगीने शिकवावं, हा संस्कार मला मान्य आहे. कायद्याला मात्र ही अट मान्य नाही. करार कायद्याचं कलम 27 सांगतं की कुणाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. क्लासचं नाव, लोगो वापरू नका, हे सांगता येतं. पोट भरू नका, हे सांगता येत नाही.

सरांची बाजू

हे सगळं वाचून एखादे सर म्हणतील, म्हणजे आम्ही उपाशी मरायचं? प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात निम्मी मुलं गावाला, दहावीच्या वर्षात सीनिअर गायब, गणपती-दिवाळीत हॉल ओस. भाडं बारा महिन्यांचं. त्यांना पुढच्या महिन्यात किती येणार हे कळायला हवं, आणि त्यासाठी करार हे वाईट साधन नाही. उलट चांगला लिहिलेला करार सरांनाही वाचवतो. फी बुडवून निघून जाणारे पालकही कमी नाहीत.

पण त्यासाठी वर्ष गहाण ठेवायची गरज नसते. तीन महिन्यांची मुदत, सोडायचं तर एक महिना आधी सूचना, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर खाडा, आणि मध्येच सोडलं तर मासिक दराने हिशेब. एवढ्यात सरांना अंदाजही येतो आणि पालकाचा श्वासही मोकळा राहतो. कागद मराठीत असावा. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून घेतलेली सही कोर्टात टिकलीही असेल, पण मनात टिकत नाही.

बोलून मिटलं नाही तर

आधी लेखी पत्र, त्याची पोच घेऊन. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, जिथे मराठीतही बोलता येतं आणि क्लासशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न होतो. तेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे करारात ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात’ किंवा ‘लवादाकडेच जावं लागेल’ असं छापलेलं असलं तरी घाबरून बसू नका. एक बारकावा आहे: करारातलं कलमच अन्यायकारक म्हणून रद्द करून घ्यायचं असेल तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. फक्त पैसे परत हवेत, सेवा नीट मिळाली नाही, अशी तक्रार जिल्ह्यात चालते. बहुतेकांचं काम जिल्ह्यातच भागतं.

आमचं पत्रावरच मिटलं. मी दोन पानांचं पत्र लिहिलं, त्यात कलम 74 आणि माझा 900 रुपयांचा हिशेब मांडला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. सरांनी एका संध्याकाळी बोलावून घेतलं. काउंटरवर नाही, आत मॅटच्या कडेला बसवलं. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग तो इंग्रजी करार काढला आणि अकराव्या कलमावर बोट ठेवून मला विचारलं, “हे मैल कशाला टाकलेत हो यात?” त्यांनाही ठाऊक नव्हतं. नमुना कुणीतरी फोनवर पाठवला होता, त्यांनी नाव बदलून छापून घेतला होता.

मी 900 रुपये दिले. त्यांनी पावती फाडली आणि ‘हिशेब पूर्ण, येणे बाकी नाही’ असं पेनाने लिहून खाली सही केली. जानेवारीत मनगट बरं झाल्यावर मुलगी परत जाते म्हणाली, तेव्हा काउंटरवर नवा कागद होता. एक पान, मराठीत. चौथी ओळ मी तिथेच उभ्याने वाचली: आजारपणात आठ दिवसांहून जास्त गैरहजेरी असल्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीवर खाडा धरला जाईल.